टेकडीवरचे तेवीस दगड

कीझर्स क्रॉस
मंगळवार, २ मे १९९५

डॉर्सी,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. नाताळची एकवीस कार्डं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. परतही एक आलं नाही, त्यावरून पत्ता तोच आहे आणि तू आहेस, एवढं मला दर जानेवारीत कळायचं. आयलीन गेल्याचं मात्र थर्मनकडून कळलं. त्याच्या दुकानात सामानाला गुंडाळून तुमच्या डेटनचं वर्तमानपत्र आलं होतं, त्यात छापलं होतं. माझी भावजय गेली, आणि मला ते दिव्याच्या काचांच्या खोक्यातून कळावं! तेव्हाही मी कार्डच पाठवलं. यायला हवं होतं. पण ते लिहायला आज बसलेले नाही.

काम असं आहे. चौपदरी रस्ता येतोय. चौफुलीवरून नाही, चौफुलीच्या अंगावरून. थर्मनचं दुकान जाणार, चर्च जाणार, जळक्या शाळेचा चौथरा जाणार, आणि चौथ्या कोपऱ्यावरची आपली थडग्यांची टेकडी कापणार. म्हणून जिल्ह्याच्या कचेरीला आता जाग आली आहे की या गावाचा इतिहास आणि भूगोल कुणीतरी दोन पानांत लिहून ठेवावा. गाव शेवटच्या घटका मोजायला लागलं की सगळे नाडी बघायला येतात. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण टेकडीवरची नावं मलाच पाठ. दोन पानं मागितली होती, माझी अकरा झाली.

मिठाचा रस्ता आणि ढोरांचा रस्ता एकमेकांना छेदले म्हणून गाव झालं, हे लिहिलं. आपल्या टेकडीच्या एका उतारावरचं पाणी दक्षिणेच्या ओढ्याला जातं आणि दुसऱ्या उतारावरचं उत्तरेच्या, हेही लिहिलं. आणि स्टॅलर्डांचं वाकण तर लिहिलंच: १९११ साली रस्त्याची आखणी करणारे आले तेव्हा हायरम पणजोबा बंदूक मांडीवर घेऊन नऊ दिवस थडग्यांमध्ये खुर्ची टाकून बसले आणि रस्त्याला टेकडीला वळसा घालून जावं लागलं. ट्रकवाले अजून त्या वाकणाला शिव्या घालतात.

तुला दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. बस बंद झाली ते साल कुठलं? शाळेची घंटा कुणी नेली? गिरणीचं दार हिरवं होतं की निळं? आणि टेकडीवरचं ते सिडरचं झाड नेमकं कुठे होतं, आठवतं का? नकाशा काढायचा आहे म्हणून विचारते. झाड वादळात पडलं, त्यालाही बरीच वर्षं झाली.

घाई नाही. म्हणजे आहे, थोडी.

व्हर्ली


मंगळवार, ९ मे

डॉर्सी,

तुझं पत्र आलं नाही. एका आठवड्यात येईल असं कुणी म्हटलं होतं? मीच म्हटलं होतं, माझ्याशी. सकाळपासून चार वेळा थर्मनच्या टपालखिडकीशी जाऊन आले. तो म्हणाला, "व्हर्ली, पिशवी दिवसातून एकदाच येते. तुझ्या पायाला भिंगरी लागली म्हणून सरकार दुसरी गाडी सोडणार नाही."

काल सरकारकडून प्रॅट नावाची एक मुलगी आली. गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला फीत आणि हातात पोलादी सळई. थडगी हलवायचं काम तिच्याकडे आहे. मला वाटलं होतं, पोरगी आहे, टेकडीवरनं फिरवीन, नावं सांगीन, मक्याचा ब्रेड आणि घेवडा खाऊ घालीन आणि वाटेला लावीन. तसं झालं नाही.

तिचा नियम असा. ज्या थडग्याचं नाव आणि जागा नातलग सही करून सांगेल, ते नव्या दफनभूमीत नावानिशी जाईल. बाकीची एका रांगेत, 'अनोळखी' म्हणून. आपल्या टेकडीवर कोरीव दगड सतराच. उरलेले तेवीस नुसते शेतातले अनघड दगड, ज्यांच्यावर कधी अक्षर नव्हतं. ते कुणाचे, हे दर फुलांच्या रविवारी, थडग्यांवर फुलं वाहताना, मोठ्यानं म्हणायचं आणि पुढच्यांनी ऐकून लक्षात ठेवायचं, हीच आपली वही. लुव्हीनीआत्या गेल्यावर ते म्हणणं माझ्याकडे आलं, हे तुला माहीत आहे.

प्रॅट सळई जमिनीत दाबते. जिथे कधी खणलेलं असेल तिथे ती सुरीसारखी आत जाते, नसेल तिथे अडते. माझ्यामागून ती दगडादगडाशी आली. मी नाव सांगायचं, तिनं सळई दाबायची. आईच्या दगडाशी सळई अडली.

"इथं कुणी नाही, मॅडम," ती म्हणाली. "कोरी माती आहे."

"तुझी सळई बोथट असेल," मी म्हणाले.

तिनं कागदावर फुली मारली. अशा नऊ फुल्या झाल्या. मग मी म्हणाले, डोकं दुखतंय, आणि खाली निघून आले.

गिरणीच्या दाराचं नाही लिहिलंस तरी चालेल. सिडरचं लिही.

व्हर्ली


त्याच दिवशी, दुपारी

सकाळचं पत्र टाकून आले, पण घरात बसवेना. एक सांगायचं राहिलं, ते असं अर्धवट ठेवून चालणार नाही.

मी प्रॅटला विचारलं, तान्ह्या मुलांचं काय? ती म्हणाली, "तान्ह्यांचं काही उरत नाही हो. खड्डाही एवढासा असतो, सळईला सापडत नाही. पुरी टेकडी खरवडायला मला दिवस दिलेले नाहीत. नेमकी जागा कुणी दाखवली तर तिथली माती काढून नेते. नाही दाखवली तर ते तिथंच राहतं."

"तिथंच म्हणजे?"

"रस्त्याखाली."

पंधरा जूनला, गुरुवारी, त्या बाजूची खणती आहे. ऑड्रा त्या बाजूला आहे, डॉर्सी. तुझी ऑड्रा. तिच्यावर डांबर पडेल.

तू ये किंवा लिही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.


मंगळवार, १६ मे

डॉर्सी,

अजून काही नाही. रागावण्याचा हक्क मला नाही, तरी रागावले आहे. एका ओळीला काय खर्च येतो रे? 'सिडरपासून इतकी पावलं, या दिशेला.' लहानपणी तुझ्या चड्डीची बटणं मी लावली. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, तेव्हापासून दाढी येईपर्यंत तुला मीच वाढवलं. तुझा हट्ट कुठून आला हे मला कुणी सांगायला नको, माझ्याकडूनच आला आहे.

ती अकरा पानं काल पुन्हा वाचली आणि तिसरं पान फाडलं. पणजोबांचं. लुव्हीनीआत्यानं मरायच्या आदल्या आठवड्यात मला खरं सांगितलं होतं. रस्ता वळला तो टेकडीच्या पोटात चुन्याचा कातळ लागला म्हणून. आखणी करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी वळसा आखला होता. पणजोबा खुर्ची टाकून बसले हे खरं, बंदूकही होती. पण पहिल्या दिवशी दुपारनंतर ते झोपलेच होते आणि उरलेले आठ दिवस गावानं नंतर जोडले. मी आत्याला विचारलं, मग तू दरवर्षी खोटं का सांगायचीस? ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. गावाला वाकण हवं असतं, कातळ नको असतो."

मला त्या वेळी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आणि सिडर वादळात पडलं नाही. मी तोडवून घेतलं. शहात्तर साली, बाहेरगावचा माणूस आणून, गावातले लोक कोळशाच्या खाणीत पाळीला गेलेले असताना. बुंधा जमिनीसरशी कापायला सांगितला आणि वर गवत लावलं.

का, ते आज लिहवत नाही.


बुधवार, २४ मे

डॉर्सी,

लिहिते. तीन कागद फाडले, हा चौथा. मध्ये उठून अंगण झाडलं, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले. आता उठणार नाही.

चौऱ्याहत्तर सालचा मे. टेकडीवरचं गवत कमरेएवढं वाढलेलं आणि फुलांचा रविवार तीन आठवड्यांवर. नावं म्हणायचं माझं ते चौथं वर्ष. बेचाळीस वर्षांची होते मी. म्हातारी माणसं आपसांत म्हणायची, पोर आहे अजून, एखाद वर्षी अडखळेल. म्हणून मला टेकडी अशी लख्ख हवी होती की कुणी नाव ठेवू नये. थर्मननं तेव्हा नवं पेट्रोलचं गवत कापायचं यंत्र आणलं होतं, ते मी मागून आणलं. विळ्यानं दगडांभोवतीचं गवत काढायला आठवडा गेला असता. यंत्राचं पहिल्या दगडाशीच पातं मोडलं.

तेव्हा मी ते केलं. आपल्याकडे कुणी कधी केलं नव्हतं ते. अनघड दगड उपटले, तेवीसच्या तेवीस, आणि कुंपणाशी ओळीनं मांडले. पहिला, दुसरा, तिसरा. ओळ डोक्यात पक्की होती. गवत काढायचं आणि तसेच्या तसे लावायचे, संध्याकाळच्या आत काम उरकलं असतं. तेवढ्यात पाऊस लागला, चार दिवस. पाचव्या दिवशी वर गेले तर दगड कुंपणाशी नव्हते. चर्चच्या पडवीत कुणीतरी ढीग घालून ठेवले होते, नीट रचून, मला मदत म्हणून. तेवीस दगड, सगळे राखाडी, सगळे एकाच ओढ्यातले.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. जमीन पावसानं सपाट झालेली. जे आठवले ते लावले, बाकीचे अंदाजानं. चौदा मला खात्रीनं आठवले. नऊ नाही. प्रॅटच्या नऊ फुल्या पडल्या तेव्हा मी थक्क झाले ते एवढ्याचसाठी की माझा हिशेब बरोबर निघाला.

त्या नवांत आई होती आणि ऑड्रा होती.

तीन आठवड्यांनी तू आलास. डेटनहून रात्रभर गाडी चालवून, आयलीनला घेऊन, मागे घोंगडीत गुंडाळलेला छोटा पांढरा दगड. त्यावर तिचं नाव कोरलेलं, आणि तिचे तीन दिवस. सगळी टेकडी माणसांनी भरलेली, बायका मेणात बुडवलेली कागदी फुलं वाटत होत्या, खाली टेबलांवर हॅम आणि सफरचंदाचा थरांचा केक मांडलेला. मी तुला जागा दाखवली. तू म्हणालास, "ताई, इथं नाही. ती सिडरपाशी आहे. मी स्वतः खणलंय."

मी म्हणाले, "इथंच आहे."

"फेब्रुवारी होता, जमीन दगडासारखी. कुदळीनं अर्धा दिवस लागला मला. मी विसरेन का?"

माणसं फुलं घेऊन थांबली होती, आपल्याकडे बघत. म्हातारी हॅटी तर टाचा उंचावून बघत होती. आणि मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डॉर्सी, तू त्या दिवशी शुद्धीवर नव्हतास. प्यायला होतास. दुःखात माणूस पितो, त्याचं काही नाही, पण आता मला शिकवू नकोस."

तू प्यायला नव्हतास. मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझ्या तोंडाला कॉफीशिवाय कसलाही वास नव्हता, आणि ती कॉफी मीच दिली होती. तू बरोबर होतास आणि ते मला ठाऊक होतं. आपल्या वडिलांचं दारूनं काय झालं ते साऱ्या गावाला माहीत, म्हणून मी ते हत्यार उचललं. ते लागू पडणार हे माहीत होतं. तुझ्या बाजूनं एकही माणूस बोलला नाही. तू दगड गवतावर ठेवलास आणि आयलीनचा हात धरून उतरलास. आयलीननं मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. तिला फक्त कळत नव्हतं. ते तोंड मी अजून बघते आहे.

सिडर मी तोडवलं, कारण दर वेळी टेकडीवर चढलं की ते तू दाखवलेल्या जागी उभं असायचं.

मला माफ कर असं लिहायचा विचार होता, पण ते मागायला मला तोंड नाही. मला फक्त ती जागा सांग. झाडही मीच घालवलं, आता ते फक्त तुझ्या डोक्यात आहे.

व्हर्ली


शनिवार, ३ जून

डॉर्सी,

तू पत्रं उघडतोस की नुसती फडताळात टाकतोस, ते कळायला मार्ग नाही. तुझ्या नंबरावर थर्मनच्या दुकानातून फोन लावला. तू 'हॅलो' म्हणालास. मी फोन ठेवला. ती मी होते. त्रेसष्ट वर्षांची बाई!

सिडरचा बुंधा शोधला. चार दिवस लागले. कुदळीच्या दांड्यानं गवत ठोकत, गुडघ्यांवर सरकत. खालून जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून विचारलं, "म्हातारे, काय हरवलंय?" मी म्हणाले, "झाड." तो हसला आणि वाकणावर गाडी आपटता आपटता राहिली. हसणाऱ्याला वाकण बरोबर शिक्षा करतं.

काल दुपारी सापडला. वरचा भाग भुसा झाला आहे, पण सिडरचा गाभा कुजत नाही. बोटानं खरवडला तर आत लाल, आणि वास तसाच, आईच्या गोधड्यांच्या पेटीसारखा. तिथेच बसून रडले. मग प्रॅटला बोलावलं. तिनं बुंध्याभोवती सळई दाबली. "मुळं आहेत सगळीकडे," म्हणाली, "मला यात काही कळणार नाही. बुंध्यापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, एवढं कळलं तर खणते."

बुंधा सापडला, पुढची पावलं तुझ्याकडे आहेत. बारा दिवस उरलेत.


सोमवार, १२ जून

डॉर्सी,

काल फुलांचा रविवार झाला, जुन्या टेकडीवरचा शेवटचा. शेवटचा म्हणून माणसं कुठून कुठून आली होती. खालच्या कुरणात गाड्या मावेनात. ओहायोच्या पाटीच्या सहा गाड्या मी मोजल्या, एकीतही तू नव्हतास.

मी काळा झगा घातला आणि लुव्हीनीआत्याची काठी घेतली. सतरा कोरीव दगड झाले, अनघडांतले पहिले सहा झाले. सातव्याशी थांबले. दरवर्षी मी इथे 'एस्थर स्टॅलर्ड, आमची आई' म्हणते. सगळे वाट बघत होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

कुणाला वाटलं ऊन लागलं. कुणीतरी पाणी आणलं. मी पाणी बाजूला केलं आणि म्हणाले, "हा दगड कुणाचा, मला माहीत नाही. चौऱ्याहत्तर साली मी हे दगड उपटले आणि नऊ मला परत लावता आले नाहीत. एकवीस वर्षं मी तुम्हाला ठोकून देत आले." मग पुढच्या दगडाशी गेले आणि तेच म्हणाले. नऊ वेळा. त्यांना मोठ्यानं ऐकायची सवय आहे, तर हेही त्यांनी मोठ्यानंच ऐकलं.

ऑड्राच्या म्हणून मी दाखवलेल्या दगडाशी आले तेव्हा म्हणाले, "माझ्या भावानं इथं सांगितलं होतं की ही जागा नव्हे. त्याचं बरोबर होतं. तो प्यायलेला होता असं मी म्हणाले, ते खोटं होतं. तो प्यायला नव्हता. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं होतं, त्यांनी आता हे ऐका."

हॅटीची मुलगी पुढे आली. तांबडीलाल झाली होती. "म्हणजे माझ्या आजीला म्हणून मी ज्याच्यावर फुलं वाहिली तो कोण?"

"माहीत नाही."

"व्हर्लीमावशी, तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटली की. रोज वाटली. म्हणून तर बोलले नाही."

तिनं हातातली फुलं माझ्या पायाशी टाकली आणि निघाली, तिच्यामागून आणखी बरेच. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात थर्मन टोपी काढून पुढे आला. ऐंशीचा झालाय तो आता, गुडघे वाजतात. म्हणाला, "पडवीत ढीग मी घातला होता. पाऊस येतोय, दगड चिखलात जातील, म्हणून. मागाहून कळलं मी काय केलं ते. डॉर्सी त्या दिवशी खरं बोलत होता हे मलाही कळलं होतं. मी गप्प राहिलो. दुकान चालवायचं होतं."

एकवीस वर्षं मी त्याच्याकडून साखर आणि पीठ घेतलं, डॉर्सी, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हवापाण्याच्या गप्पा मारल्या!

जेवायला मी थांबले नाही. माझा केक मात्र संपला होता असं थर्मन म्हणाला, म्हणजे शिव्या देता देताही त्यांनी खाल्ला. जिल्ह्याच्या कचेरीला काय पाठवायचं तेही ठरवलं. अकरा पानं चुलीत घातली. एकच पान लिहिलं आहे: दोन रस्ते, एक कातळ, तेवीस दगड, त्यांतल्या नवांची नावं व्हर्ली स्टॅलर्डमुळे गेली.

गुरुवारी खणती. हे पत्र तुला तोवर मिळणारही नाही. तरी टाकते.


मंगळवार, २७ जून

डॉर्सी,

खणतीच्या सकाळी तू आलास तेव्हा मी दुकानाच्या ओट्यावर होते. तू माझ्यासमोरून गेलास आणि मला ओळखलं नाहीस. आत जाऊन थर्मनला विचारलंस, "ती कुठाय?" आणि तो म्हणाला, "तू तिला ओलांडूनच आत आलास, बाबा." हे मी ऐकलं. मलाही तू आधी बाप वाटलास. तसाच एका खांद्यानं झुकलेला.

टेकडीवर तू बुंध्याशी उभा राहिलास, तोंड दुकानाकडे केलंस आणि सात पावलं टाकलीस. मग थांबून म्हणालास, "तेव्हा ढांगा मोठ्या होत्या," आणि आणखी एक टाकलंस. त्या वेळी मी मागे कुंपण धरून उभी होते. प्रॅटनं फावड्यानं वरची पिवळी माती थर थर काढली. कोपरभर खाली जाईपर्यंत सगळं पिवळंच. मग ताटाएवढा काळा डाग दिसला आणि त्यात चार बारीक खिळे. तिनं वर बघून तुला विचारलं, "लाकडी पेटी होती?" तू मान हलवलीस. मला तुझ्याजवळ यायचं होतं. पाय उचलला आणि परत ठेवला.

त्यानंतर तू जे बोललास ते मी जसंच्या तसं मनात म्हणत असते.

"त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो."

"माहीत आहे."

"तेव्हाही माहीत होतं?"

"तेव्हाही."

"रविवारी सगळ्यांसमोर सांगितलंस, थर्मन म्हणाला."

"हो."

मग विचारलंस, "माझा दगड कुठाय?"

"माझ्या पलंगाखाली."

"एकवीस वर्षं?"

"झाडताना सरकवावा लागतो."

तुझ्या तोंडाचा एक कोपरा हलला. मला वाटलं हसतोस. हसला नाहीस. पण दगड न्यायला घरात आलास, स्वयंपाकघरात उभ्यानं कॉफी प्यालास, आणि कप धुऊन पालथा घालून ठेवलास, मी शिकवलं होतं तसा.

नव्या दफनभूमीत मी ऑड्रासाठी एक जागा लिहवून ठेवली होती, ओकच्या झाडाखाली. तुला सांगायला तोंड उघडलं. तू म्हणालास, "तिला डेटनला नेतो. आयलीनपाशी." मी तोंड मिटलं. डॉर्सी, मला वाटतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

आई सापडली नाही. 'अनोळखी' रांगेत आठ पेट्या गेल्या, त्यांतल्या एकीत ती आहे. मी आठांनाही फुलं नेते. हॅटीची मुलगीही येते, दुसऱ्या टोकापासून सुरुवात करते, आणि मध्ये गाठ पडली की आम्ही बोलत नाही. पण परवा तिचं पाणी संपलं तेव्हा तिनं माझी बादली घेतली.

टेकडी गेल्या आठवड्यात कापली. कातळ निघाला. फोडायला त्यांना सुरुंग लावावे लागतायत, खिडक्या हादरतात आणि माझं घरात लक्ष लागत नाही. नऊ जुलैच्या रविवारी मी डेटनला येते. जिल्ह्याच्या गावाहून सुटणारी बस संध्याकाळी साडेचारला पोहोचते. मला घ्यायला येऊ नकोस, आणि दार उघडलंच पाहिजे असंही नाही. मला फक्त त्या दफनभूमीचं नाव लिहून पाठव. फाटकातून कितवी रांग, आणि रांगेत कितवा दगड, तेही लिही. मला ती जागा माहीत नाही.

तुझी ताई